घात साधण्याची रीत : आधी कोणते काम हाती घ्यावे?

शेतीत कामांची वाण कधीच नसते. वाण असते ती वेळेची, माणसांची आणि घातीची. ज्या ओलाव्यावर पेरणी किंवा मशागत नीट साधते त्या वाफशास सातारा-सांगली भागात ‘घात’ म्हणतात. घात साधली तर थोड्या खर्चात चांगले पीक येते, आणि घात चुकली तर पुढे केलेली मेहनत व घातलेले खत यांचा पुरा मोबदला मिळत नाही. एका दिवशी पाच-सहा कामे एकदम समोर उभी राहतात तेव्हा त्यांपैकी आधी कोणते हाती घ्यावे, हा प्रश्न म्हणूनच नांगरणी-पेरणीइतक्याच महत्त्वाचा आहे. तो अनुभवाने सुटतो हे खरे. परंतु अनुभवालाही काही रीत असते, आणि ती रीत शिकता येते व शिकविता येते.

पाणी आले, निवड आली

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी कडेगावचा भाग सातारा जिल्ह्यात होता. येथील बहुतेक शेती पावसावर अवलंबून असे, आणि अशा शेतीत कामांचा क्रम निसर्गच ठरवून देई. मृगाचा पाऊस झाला की खरिपाची पेरणी करावी, उघडीप मिळाली की कोळपणी व भांगलण करावी, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर रब्बी ज्वारी पेरावी आणि ज्वारी खळ्यावर आली की वर्ष संपले असे समजावे, असा तो क्रम होता. पाऊस लांबला तर सर्वांचीच कामे लांबत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या मोठ्या भागात शेतावर कामच उरले नाही, आणि शेतकरी कुटुंबे खडी फोडण्यास व मातीकामास गेली. त्या काळी ‘आज काय करावे’ यापेक्षा ‘आज काही करता येईल काय’ हाच प्रश्न मोठा होता.

आता ती स्थिती पुष्कळ ठिकाणी पालटली आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाकडील ताकारी व टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या दुष्काळी पट्ट्यात आणले. जेथे एक पीक कष्टाने येई तेथे आज ऊस, सोयाबीन, हरभरा, गहू व भाजीपाला अशी पिके एकाच कुटुंबाच्या शेतात उभी असतात. पाण्याबरोबर उत्पन्न आले, तशीच कामेही आली. पिके वाढली, पण घरातील माणसे तेवढीच राहिली. पुष्कळ घरांत ती कमीही झाली. मजूर हवे तेव्हा मिळत नाहीत. वीज ठराविक तासांची व कालव्याचे पाणी पाळीचे असते. यामुळे पूर्वी नक्षत्र जो निर्णय देत असे तो आता शेतकऱ्यास स्वतः घ्यावा लागतो. ही जबाबदारी नवी आहे, आणि ती न ओळखल्याने पाणी असूनही अनेकांचे उत्पन्न अपेक्षेइतके वाढत नाही.

निवड कोठे चुकते?

ज्यांच्या शेतावर कामे सदैव तुंबलेली असतात, ते आळशी असतात असे मुळीच नाही. उलट ते पहाटेपासून राबत असतात. चूक होते ती कामाच्या निवडीत, आणि तिचे प्रकार ठरलेले आहेत.

पहिला प्रकार म्हणजे समोर दिसेल ते काम धरणे. वाटेवरच्या वावरातील तण रोज डोळ्यांना खुपते म्हणून ते आधी काढले जाते, आणि टेकाच्या पलीकडील वावरात पीक पाण्यावाचून सुकते तिकडे लक्ष जात नाही. दुसरा प्रकार म्हणजे शेजाऱ्याचे पाहून करणे. शेजाऱ्याची जमीन हलकी असेल तर तिला घात आधी येते. त्याची कुरी चालू झाली म्हणून भारी जमिनीत कुरी घातली तर ढेकळे निघतात व बी नीट पडत नाही. तिसरा प्रकार म्हणजे ज्या पिकात पैसा अधिक त्याचे काम नेहमी आधी करणे. कडेगाव भागात हा मान उसाला मिळतो. ऊस महत्त्वाचा आहे यात शंका नाही. पण पीक महत्त्वाचे असणे निराळे आणि त्याचे आजचे काम तातडीचे असणे निराळे. चार महिन्यांच्या उसाची बांधणी चार दिवस थांबू शकते. वाफशावर आलेली ज्वारीची पेरणी थांबू शकत नाही. चौथा प्रकार म्हणजे सोपे काम आधी उरकणे. बारीकसारीक चार कामे झाल्याचे समाधान मिळते, परंतु दिवस मावळतो आणि मुख्य काम तसेच राहते.

या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. काम थांबल्याने काय नुकसान होईल, हा विचार त्यांपैकी एकातही केलेला नसतो.

पहिली चाळण : आज काय होऊ शकते?

सर्व कामे मनात धरून त्यांची तुलना करीत बसण्याचे कारण नाही. प्रथम जी कामे आज होऊच शकत नाहीत ती बाजूस काढावीत. त्यासाठी तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट जमिनीची स्थिती. मशागतीच्या खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबावी. गोळा झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकताच तो सहज फुटला तर घात आली असे समजावे. गोळा न फुटता चपटा झाला तर जमीन अजून ओली आहे, आणि गोळाच झाला नाही तर ओल उडाली आहे. ही परीक्षा प्रत्येक वावरात निराळी घ्यावी. दुसरी गोष्ट पाणी व वीज. पाळी कोणत्या दिवशी येणार, वीज कोणत्या तासांत राहणार व विहिरीत पाणी किती आहे, हे माहीत असल्यावाचून पाणी देण्याचे काम ठरविता येत नाही. तिसरी गोष्ट माणसे, बैल व अवजारे. मळणी यंत्र परवा मिळणार असेल तर आज मळणीचा विचार व्यर्थ आहे. मात्र काढणीचा विचार अवश्य करावा.

कार्यालयात काम करणाऱ्या माणसांपुढेही हाच प्रश्न असतो. अमेरिकेतील डेव्हिड ऍलन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या व जगभर वाचल्या गेलेल्या कार्यपद्धतीत पुढचे काम निवडताना प्रथम जागा व साधने, मग हाती असलेला वेळ, मग अंगातील शक्ती आणि सर्वांत शेवटी कामाचे महत्त्व पाहावे, असा क्रम सांगितला आहे. महत्त्व शेवटी पाहावे, हे प्रथम विचित्र वाटते. पण शेतकऱ्यास त्यात नवे काही नाही. वाफसा नसताना पेरणी कितीही महत्त्वाची असली तरी ती आजची होऊ शकत नाही. मात्र ती उद्या-परवा होणार असेल तर तिची तयारी हे आजचे काम होय, हे विसरू नये.

दुसरी कसोटी : चार दिवस थांबल्यास काय जाते?

चाळणीतून जी कामे उरतील त्या प्रत्येकास एकच प्रश्न विचारावा : हे काम चार दिवस थांबले तर काय जाईल? या प्रश्नाच्या उत्तरावरून कामांचे चार वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात वेळ गेल्यावर परत न येणारी कामे येतात. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतीत व्हावी, अशी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. कारण पुढे जमिनीतील ओल उतरत जाते व पीक तिच्या मागे पडते. गव्हास पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी पाण्याचा ताण पडला तर फुटवे कमी होतात, आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती तूट भरून येत नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी, ई-पीक पाहणीची मुदत व पीककर्जाच्या परतफेडीची मुदत हीही याच वर्गातील कामे होत. त्यांचा दिवस टळला की दार बंद होते.

दुसऱ्या वर्गात दररोज थोडेथोडे नुकसान करणारी कामे येतात. वाळून तयार झालेल्या सोयाबीनच्या शेंगा उन्हाने तडकतात व दाणे जमिनीवर पडतात. बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातील होय. त्यापुढील प्रत्येक पंधरवड्याच्या उशिरास हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते. तोडलेला ऊस गाळपास जाईपर्यंत वजनात व साखरेत दररोज उतरतो. सोयाबीनमध्ये पहिल्या ३० ते ४५ दिवसांतील तण हे पिकाच्या तोंडचे अन्न खाते. अशा कामांत ‘आज की उद्या’ याचा हिशेब रुपयांत मांडता येतो.

तिसऱ्या वर्गात थांबू शकणारी कामे येतात. ती करावयाचीच असतात, परंतु चार दिवसांनी झाली तरी नुकसान नगण्य असते. काही वेळा जे तातडीचे भासते तेही याच वर्गात पडते. हरभऱ्यात एखादी घाटे अळी दिसताच फवारणीस धावण्याचे कारण नाही. मीटरभर ओळीत सरासरी एक ते दोन अळ्या आढळेपर्यंत फवारणीचा खर्च भरून येत नाही. तेथे आजचे काम फवारणीचे नसून चार ठिकाणी ओळ मोजून पाहण्याचे आहे, आणि ते अर्ध्या तासात होते.

चौथ्या वर्गात वेळ टळून गेलेली कामे येतात. ही ओळखणे सर्वांत कठीण असते, कारण हातचे काम सोडण्यास मन धजत नाही. भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत शिरू लागल्यावर कोळपणी केली तर फायद्याऐवजी तोटाच होतो. ज्वारीच्या पेरणीची मुदत टळून ओलही उडाली असेल तर हट्टाने ज्वारी पेरण्यापेक्षा, पाण्याची सोय असल्यास, २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबरच्या सुमारास हरभरा घेणे शहाणपणाचे ठरते. जे काम गेले ते वहीतून खोडून टाकावे. मेलेल्या कामाचे ओझे जिवंत कामास जड होते.

दोन कामे समोरासमोर आल्यास

पुष्कळदा चाळणी व कसोटी लावूनही दोन कामे शिल्लक राहतात. दोन्ही आज होऊ शकतात, दोन्ही थांबल्यास नुकसान आहे आणि माणसे मात्र तेवढीच आहेत. कारखान्यात एका यंत्रापुढे अनेक कामे येऊन पडतात तेव्हाही हाच पेच असतो. अमेरिकेत जॅक्सन यांनी १९५५ साली व स्मिथ यांनी १९५६ साली गणिताने त्याचा विचार केला. या दोघांनी सांगितलेले नियम इतके सोपे आहेत की ते बांधावर उभे राहून वापरता येतात.

जॅक्सन यांचा नियम मुदतीच्या कामांसाठी आहे. ज्याची मुदत जवळची ते काम आधी करावे. असे केल्याने सर्वांत अधिक रखडणाऱ्या कामाचा उशीर कमीत कमी राहतो. स्मिथ यांचा नियम दररोज नुकसान करणाऱ्या कामांसाठी आहे. काम थांबल्याने रोज जे नुकसान होते त्यास, ते काम पुरे करण्यास लागणाऱ्या दिवसांनी भागावे, आणि ज्याचा भागाकार मोठा ते काम आधी करावे. याचा अर्थ केवळ अधिक नुकसान करणारे काम आधी असा नव्हे. थोडक्या वेळात उरकणारे आणि तरीही बऱ्यापैकी नुकसान टाळणारे काम आधी करावे, असा आहे. हा भेद महत्त्वाचा असल्याने तो उदाहरणाने पाहणे बरे.

एक नमुन्याचे शेत

समजा, कडेगाव भागात एका कुटुंबाची पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर जमीन आहे. दीड एकरात जुलैच्या मध्यास लावलेला आडसाली ऊस आहे. दोन एकरांत सोयाबीन काढणीस आले आहे. उरलेली दीड एकर मध्यम जमीन कुळवून रब्बी ज्वारीसाठी राखली आहे. घरात कामाची चार माणसे व एक बैलजोडी आहे. तारीख ५ ऑक्टोबर असून दोन दिवसांपूर्वी चांगला पाऊस झाला आहे. समोर कामे अशी आहेत : ज्वारीची पेरणी, सोयाबीनची काढणी, उसाची भांगलण व त्यास खत देणे, विद्युत पंपाच्या स्टार्टरची दुरुस्ती आणि फुटलेला बांध घालणे.

५ तारखेस मातीचा गोळा फुटत नाही. ज्वारीची पेरणी होऊ शकत नाही. सोयाबीनच्या शेंगा ओल्या आहेत, सबब काढणीही नाही. उसात शिरून भांगलण केल्यास ओले तण पुन्हा मूळ धरते, आणि पाय पडून जमीन दबते. तेव्हा हा दिवस तयारीचा समजावा. दीड एकरास ज्वारीचे सहा किलो बी लागेल. त्यास किलोमागे चार ग्रॅम याप्रमाणे २४ ग्रॅम गंधकाची बारीक भुकटी चोळून ठेवावी, म्हणजे काणी रोगास आळा बसतो. कुरीचे चाडे व नळ्या साफ करून पाहाव्यात. विळ्यांना धार लावावी. मळणी यंत्रवाल्याकडे दिवस ठरवून यावे. स्टार्टर दुरुस्त करून घ्यावा, कारण पंप बंद असेल तर पुढे पाण्याची सगळी कामे अडतील. ही कामे लहान दिसतात; परंतु घात आल्यावर कुरीची नळी तुंबलेली आढळली तर अर्धा दिवस वाया जातो, आणि घातीतील अर्धा दिवस फार महाग असतो.

७ तारखेस जमिनीस घात येते व सोयाबीनही वाळते. आता दोन्ही कामे समोरासमोर उभी राहतात. बैलांच्या कुरीने ज्वारी पेरण्यास सर्व माणसांचा एक दिवस लागतो असे धरू, आणि सोयाबीन काढून गंज घालण्यास तीन दिवस. ज्वारीची पेरणी एक दिवस लांबल्याने ३०० रुपयांचे व सोयाबीनची काढणी एक दिवस लांबल्याने ५०० रुपयांचे नुकसान होते असा अदमास करू. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने ते आपल्या शेताप्रमाणे घालावेत. वरवर पाहता सोयाबीनचे नुकसान अधिक, तेव्हा तेच आधी काढावे असे वाटते. पण हिशेब मांडून पाहावा. सोयाबीन आधी घेतले तर ज्वारी तीन दिवस थांबते व ९०० रुपये जातात. ज्वारी आधी घेतली तर सोयाबीन एकच दिवस थांबते व ५०० रुपये जातात. भागाकार केल्यास ज्वारीचा ३०० व सोयाबीनचा सुमारे १६७ येतो. म्हणून ७ तारखेस ज्वारी आणि ८ ते १० तारखेस सोयाबीन, हा क्रम ठरतो.

आता समजा, भारतीय हवामानशास्त्र विभागाने दोन-तीन दिवसांत परतीच्या पावसाचा इशारा दिला आहे. उभ्या वाळल्या सोयाबीनवर पाऊस पडला तर शेंगांतच दाण्यास कोंब फुटतात व रंग जाऊन भाव पडतो. सोयाबीन थांबण्याचे नुकसान ५०० वरून दिवसास २,००० रुपये झाले असे धरले तर भागाकार ६६७ होतो व सोयाबीन पुढे जाते. मात्र त्या दिवशी जेवढे गोळा करून ताडपत्रीखाली झाकता येईल तेवढेच कापावे. कापून पसरलेले सोयाबीन भिजणे हे उभे भिजण्याहून वाईट. ज्वारीस नंतरच्या घातीवर १५ तारखेपूर्वी पुन्हा संधी मिळू शकते, हेही येथे ध्यानी घेतले पाहिजे. नियम तोच राहिला. परिस्थिती पालटली म्हणून उत्तर पालटले. क्रम एकदा ठरला की तो दगडावरची रेघ झाला असे समजू नये.

उसाचे काय? त्याची भांगलण करावयाचीच आहे, कारण पहिले चार महिने ऊस तणविरहित राहिला पाहिजे. परंतु या आठवड्यात तिचा भागाकार सर्वांत लहान येतो, म्हणून ती ११ तारखेनंतर ठेवावी. ती जाणूनबुजून मागे ठेवली आहे. विसरल्यामुळे मागे पडलेली नाही. या दोहोंत मोठे अंतर आहे. जे जाणून मागे ठेवले त्यास वहीत तारीख असते, आणि ती तारीख आली की ते काम पुढे येते.

एका कामावर अडलेली कामे

क्रम ठरविताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. काही कामे स्वतः मोठी नसतात, पण त्यांच्यामागे दुसरी कामे अडून बसलेली असतात. वरील उदाहरणात सोयाबीन निघाल्यावाचून त्या दोन एकरांत हरभरा पेरता येणार नाही. काढणी ऑक्टोबरच्या अखेरीस गेली तर हरभऱ्याची वेळही धोक्यात येते. तेव्हा सोयाबीन थांबल्याचा हिशेब करताना हरभऱ्याच्या उशिराचे नुकसानही त्यात मिळवावे. तद्वत, उसाची तोड झाल्यावर खोडवा राखावयाचा असेल तर पाचट न जाळता सरीत बसविणे, बुडखे जमिनीलगत छाटणे व पंधरा दिवसांच्या आत खताचा पहिला हप्ता पहारीने देणे ही कामे एकामागून एक येतात. पहिले रखडले की सगळी साखळी रखडते.

कालव्याची पाळी येण्यापूर्वी चारी साफ करणे व फुटलेले दंड नीट करणे हेही असेच काम. पाणी सुटल्यावर खोरे घेऊन धावाधाव केल्यास निम्मे पाणी वाटेतच जाते. पाळीचे पाणी सगळ्या पिकांस पुरणार नसेल तर मागील कसोटीच लावावी. नाजूक अवस्थेतील पिकास आधी पाणी द्यावे. वीस दिवसांचा गहू, फुलोऱ्यावरील हरभरा व मोठा ऊस हे तिन्ही असतील तर गव्हास प्रथम, हरभऱ्यास हलके पाणी त्यानंतर, आणि ज्याची मुळे खोल गेली आहेत त्या उसास शेवटी, असा क्रम राहील.

माणसांच्या बाबतीतही हेच तत्त्व लावावे. जे काम केवळ हात कमी पडल्याने अडले आहे त्यासाठीच मजूर शोधावेत किंवा पैरा करावा. पैऱ्याची जुनी पद्धत आजही उपयोगाची आहे, कारण दोन शेजाऱ्यांच्या जमिनी निराळ्या असल्या तर त्यांच्या घातीही निराळ्या दिवशी येतात. आज याच्या शेतावर व परवा त्याच्या शेतावर, अशा रीतीने दोघांचीही घात साधते.

कधीच तातडीची न होणारी कामे

या सर्व हिशेबात एक धोका आहे. काही कामे चार दिवस थांबली तरी काहीच जात नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा मागे ठेवली जातात, आणि असे करता करता वर्षे लोटतात. माती परीक्षण, बांधबंदिस्ती, कंपोस्ट खताचा खड्डा भरणे, अवजारांची देखभाल व बियाण्याची उगवण तपासणे ही त्या प्रकारची कामे होत. घरचे सोयाबीन बियाणे वापरावयाचे असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात हे मे महिन्यात पाहण्यास काही मिनिटे पुरतात. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बी पेरणीस योग्य समजावे. ती मिनिटे न दिल्यास मृगात दुबार पेरणीची पाळी येऊ शकते.

अशा कामांस भागाकाराचा नियम लावू नये. त्यांच्यासाठी आठवड्यातील ठराविक अर्धा दिवस राखून ठेवावा, मग तो बाजाराचा असो वा बैलांच्या विश्रांतीचा. त्या वेळेत त्यांपैकी एक काम पुरे करावे. घातीचे दिवस असतील तेव्हाच ही सवलत मोडावी, एरवी नाही.

कामांची वही

सर्व कामे डोक्यात ठेवण्याचा हट्ट नसावा. डोक्यातील कामांपैकी जे शेवटी आठवते तेच मोठे वाटू लागते. एक साधी वही करून तीत प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहाव्यात : काम कशावाचून अडले आहे, ते चार दिवस थांबल्यास काय जाते, ते पुरे करण्यास किती दिवस लागतात आणि त्याच्यामागे कोणते काम अडले आहे. लिहिण्याची सवय नसेल तर घरातील शाळकरी मुलांकडून लिहून घ्यावे. त्यांनाही शेतीचा हिशेब कळू लागतो.

दुसऱ्या दिवसाचे काम आदल्या रात्री, जेवणे झाल्यावर घरातील सर्वांनी बसून ठरवावे. भांगलण व काढणीचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. कोणत्या वावरात तण वाढले, कोठे शेंगा तडकू लागल्या, हे त्यांना प्रथम कळते. तेव्हा त्यांना विचारल्यावाचून क्रम ठरविणे म्हणजे अर्ध्या माहितीवर निर्णय घेणे होय. सकाळी उठल्यावर केवळ दोन गोष्टी पुन्हा पाहाव्यात : आभाळ आणि माती. त्यांत बदल नसेल तर रात्रीचा निर्णय कायम समजावा.

एकदा हाती घेतलेले काम मध्येच सोडू नये. पाऊस येणे, पाणी किंवा वीज अवेळी सुटणे अथवा बंद पडणे, आणि माणूस किंवा जनावर आजारी पडणे, एवढी तीनच कारणे त्यास पुरेशी समजावीत. इतर कोणत्याही निमित्ताने दुपारी काम पालटले की जाण्या-येण्यात, अवजारे जोडण्या-सोडण्यात व पुन्हा हात बसण्यात वेळ जातो, आणि संध्याकाळी दोन्ही कामे अर्धी राहतात. अर्धी पेरलेली ज्वारी व अर्धे कापलेले सोयाबीन यांच्यासारखी वाईट स्थिती नाही.

सारांश

शेतकरी बंधुभगिनींनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. जमीन, पाणी-वीज व माणसे-अवजारे पाहून आज न होणारी कामे प्रथम बाजूस काढावीत, व त्यांपैकी जवळ आलेल्यांची तयारी आज करावी.

२. उरलेल्या प्रत्येक कामाविषयी ‘चार दिवस थांबल्यास काय जाते?’ हा प्रश्न विचारावा.

३. मुदतीची कामे मुदतीच्या क्रमाने करावीत. रोज नुकसान करणाऱ्या कामांत रोजच्या नुकसानीस लागणाऱ्या दिवसांनी भागून मोठा भागाकार येईल ते आधी करावे.

४. ज्याच्यामागे दुसरी कामे अडली आहेत त्याच्या नुकसानीत त्यांचेही नुकसान मिळवावे.

५. वेळ टळलेले काम खोडून टाकावे. मागे ठेवलेल्या कामास तारीख द्यावी.

६. कधीच तातडीची न होणाऱ्या कामांसाठी आठवड्यातील अर्धा दिवस राखावा.

७. क्रम आदल्या रात्री सर्वांनी मिळून ठरवावा व सकाळी आभाळ आणि माती पाहून कायम करावा.

कृष्णेचे पाणी डोंगर चढून कडेगावच्या शिवारात आले ते अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर आणि मोठ्या खर्चाने. त्या पाण्याचे सोने करावयाचे तर प्रत्येक थेंबाबरोबर प्रत्येक दिवसाचाही हिशेब ठेवला पाहिजे. पाण्याची पाळी पुन्हा येते आणि खत पुन्हा विकत मिळते. गेलेली घात मात्र त्या हंगामात परत येईलच, याचा भरवसा कोणीही देऊ शकत नाही.